मजकुराचा धनी

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी वृत्तपत्रांची गाडी पहाटे पाचच्या सुमारास पळसदेवच्या थांब्यावर क्षणभर मंदावत असे, तिच्यातला मुलगा मागचे दार अर्धवट उघडून सुतळीने आवळलेला गठ्ठा रस्त्याच्या कडेला टाकीत असे, आणि गाडीचे तांबडे दिवे लोणी देवकरच्या दिशेने दिसेनासे होण्यापूर्वीच मी तो गठ्ठा उचलून चहाच्या हॉटेलाच्या वळचणीला, भट्टीच्या उजेडात, अंक मोजावयास बसत असे. १९८३ च्या दिवाळीनंतर मी हे काम पत्करले तेव्हा गठ्ठ्यात ३५ अंक येत. ते पावतीशी ताडून पाहावयाचे, रविवार असेल तर प्रत्येक अंकाच्या पोटात पुरवणी भरावयाची, आणि सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून उजाडण्याच्या आत लाईन टाकावयास निघावयाचे : प्रथम गावठाण, मग महामार्गाच्या पलीकडील वस्त्या, आणि शेवटी उजनीच्या फुगवट्याच्या काठाने विखुरलेली मळ्यांतील घरे.

दोन वर्षांनी त्याच दैनिकाने मला वार्ताहर नेमल्याचे पत्र पाठविले. खेडेगावात एजन्सी आणि वार्ताहरकी ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे असत. पगार कुठलाच नसे, अंकामागे थोडे कमिशन आणि छापून आलेल्या मजकुरामागे अल्पसे मानधन एवढाच व्यवहार. रात्री कंदिलापाशी बसून जो बातमी लिही, तोच एक-दोन दिवसांनी पहाटे ती छापलेला अंक वाचकाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवी. या गोष्टीकडे मी अनेक वर्षे केवळ सोय म्हणून पाहिले. तिचे मोल फार उशिरा उमगले, आणि आज लिहावयास बसलो आहे तो त्याच कारणाने.

माझा जन्म ज्या पळसदेवात झाला ते गाव आज पाण्याखाली आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठचे आमचे जुने गाव, त्याच्या गढ्या, गोठे आणि पळसनाथाचे पाषाणाचे प्राचीन मंदिर यांसह, जलाशयात गेले. आम्ही वर महामार्गालगत येऊन वसलो. अवर्षणाच्या साली पाणी ओसरले म्हणजे मंदिराचे शिखर प्रथम दिसू लागते, मग हळूहळू सभामंडप उघडा पडतो, आणि ज्यांनी ते गाव कधी पाहिलेही नाही अशी नातवंडे आजोबांचे बोट धरून तेथे जातात. भूसंपादनाच्या नोटिसा येऊ लागल्या त्या काळी मी शाळेत होतो. तलाठी चावडीवर नोटीस वाचून दाखवीत; परंतु सरकारी मजकूर एकदा ऐकून त्यातील मुदत, हरकत नोंदविण्याची तारीख आणि मोबदल्याची कलमे ध्यानात राहणे निरक्षर माणसास कसे शक्य व्हावे? माझे वडील पुण्याहून आलेले, कोणाच्या तरी पिशवीतून दोन दिवस शिळे होऊन पोहोचलेले वर्तमानपत्र मिळवीत, मला देवळाच्या ओट्यावर बसवून धरणाविषयी जे जे छापले असेल ते मोठ्याने वाचावयास लावीत, आणि तलाठ्याने सांगितलेले व कागदावर छापलेले एकमेकांशी जुळते की नाही याची मनातल्या मनात रुजुवात घालीत. वर्तमानपत्र हे रुजुवातीचे साधन आहे, ही समजूत मला त्या ओट्यावर मिळाली.

त्याहीपूर्वी गावाची बातमी म्हणजे दवंडी. कोतवाल डफ वाजवीत वेशीपासून फिरे आणि पाटलाचा वा मामलेदार कचेरीचा हुकूम पुकारी. शब्द मोजके असत. पण ते कोणाच्या हुकमाने उच्चारले गेले हे लहान पोरासही ठाऊक असे, आणि शंका आली तर चावडीवर जाऊन विचारता येत असे. छापील वृत्तपत्राने या व्यवस्थेत फार मोठी भर घातली, कारण हुकूम काढणाराच केवळ बोलू शकतो ही स्थिती त्याने पालटली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले तेव्हा आमच्यासारख्या खेड्यात वाचणारा कोण होता? परंतु १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालविला आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून, शेतकऱ्याचा पक्ष घेऊन, तो अनेक दशके प्रसिद्ध केला, आणि डॉ. नानासाहेब परुळेकरांनी अमेरिकेतील शिक्षण आटोपून १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला तो मतापेक्षा बातमीला अग्रस्थान देण्याच्या निश्चयाने. खेड्यातल्या विहिरीची, रस्त्याची, शाळेच्या गळक्या छपराची बातमी ही बातमी होय, हे ज्यांनी मानले त्यांच्यामुळे माझ्यासारख्या माणसास हातात लेखणी धरण्याचे धैर्य झाले.

बातमी पाठविणे हे त्या काळी बातमी लिहिण्याहून कठीण होते. दोन्ही बाजूंस समास सोडून, एका बाजूस लिहिलेला कागद पाकिटात घालावयाचा, पाकिटावर ठळक अक्षरांत 'वृत्तपत्राचा मजकूर, तातडीचे' असे लिहावयाचे, आणि पुण्याकडे निघालेल्या एस. टी. च्या वाहकाच्या हाती तो सोपवावयाचा. स्वारगेटला कार्यालयाचा माणूस येऊन ती पाकिटे गोळा करी. गाडी चुकली की बातमी शिळी. महत्त्वाचे काही घडले तर भिगवणला जाऊन ट्रंक कॉल लावावयाचा आणि तासभर तिष्ठत बसावयाचे. पुढे फॅक्स आला, त्यानंतर संगणक आला, आणि शेवटी खिशातल्या फोनवरून छायाचित्रासह मजकूर क्षणात जाऊ लागला. प्रत्येक टप्प्यावर वेळ वाचला हे खरे. तथापि पाकीट बंद करण्यापूर्वी मी मजकूर जितक्या वेळा वाचीत असे, तितक्या वेळा पुढे कधी वाचला नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता एक अपराध सांगितला पाहिजे. १९९० च्या सुमारास महामार्गावर रात्री अपघात झाला आणि आमच्या भागातील एक तरुण मोटारसायकलवरून पडून जागीच मरण पावला. मला नाव कळले ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि शेवटची एस. टी. सुटण्यास दहा मिनिटे उरली होती. आमच्याकडे आजोबाचे नाव नातवांना ठेवण्याची चाल आहे, त्यामुळे एकाच भावकीत एकाच नावाचे दोन तरुण असणे यात नवल नाही. तसेच येथे होते. मी वडिलांचे नाव विचारले नाही. नाव, आडनाव लिहिले, वस्ती लिहिली ती मला ठाऊक असलेल्या तरुणाची लिहिली, आणि पाकीट वाहकाच्या हाती दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे अंक आले. मयत कोण हे एव्हाना मला कळले होते. गठ्ठा सोडून ते पान उघडले तेव्हा मी काय केले आहे हे माझ्या ध्यानात आले. तो अंक त्या घरी टाकावयाचा की नाही, असा विचार सायकलवर बसल्या बसल्या माझ्या मनात येऊन गेला, हे मी लपवून ठेवीत नाही. परंतु अंक एका घरी न टाकल्याने बाकीच्या घरी गेलेला थोडाच परत येणार होता? मी गेलो. त्या घराचे कर्ते वृद्ध गृहस्थ अंगणात उभे होते. शेजारच्या हॉटेलात आधीच कोणीतरी वाचून त्यांना सांगितले होते. गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. ते म्हणाले, "तात्या, ऐकतायसा न्हवं? आमचं पोरगं धार काढतंय. तुमच्या पेपरानं त्येला मारलाय." मी हात जोडले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी माझ्या हातातून अंक घेतला, घडी केली, खाकेत धरला आणि बराच वेळ थांबून म्हणाले, "पेपर बंद करू नगा. पण फुडच्या टायमाला नाव लिव्हताना बापाचं नाव इचारा."

तेथून मी जो तरुण खरोखर गेला होता त्याच्या घरी गेलो. त्या दुःखी घरापुढे उभे राहणे पहिल्या घरापुढे उभे राहण्याहून अवघड होते, कारण त्यांच्या मुलाचे मरणही मी दुसऱ्याच्या नावावर लिहिले होते. कार्यालयास मी खुलासा पाठविला आणि तो मूळ बातमीच्याच पानावर यावा अशी विनंती केली. दोन दिवसांनी तो छापून आला, आणि ते अंकही मीच वाटले. त्यानंतर मजकुरात माणसाचे नाव लिहिताना पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय आणि वस्ती या चारही गोष्टी दोन निरनिराळ्या माणसांकडून तपासल्याविना मी पाकीट बंद केले नाही. हा नियम मला कोण्या संपादकाने शिकविला नव्हता.

प्रत्येक वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते : अमुक मालकासाठी अमुक मुद्रकाने अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक. १८६७ च्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली, आणि १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली तरी ओळ राहिली आहे. इंग्रज सरकारने ती पाळत ठेवण्यासाठी घातली असेल. वाचकाच्या दृष्टीने मात्र ती मोठी हमी आहे. तिच्यामुळे मजकुराला धनी असतो. पळसदेवात ती ओळ फारसे कोणी वाचीत नसे, कारण मजकुराचा धनी रोज पहाटे सायकलवरून दारात येत होता.

१९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे ही या व्यवसायाच्या भरभराटीची. दैनिकांनी ग्रामीण आवृत्त्या काढल्या, बारामती-इंदापूरला स्वतंत्र पान मिळाले, आणि आपल्या गावाचे नाव पुण्याच्या वर्तमानपत्रात छापलेले पाहण्याच्या ओढीने ज्या घरी कधी अंक गेला नव्हता तेथेही तो जाऊ लागला. मजजवळ दोन मुले लाईन टाकावयास होती, आणि अंक तीनशेवर गेले होते. हॉटेलात एक अंक चार जणांत वाटला जाई. खेळाचे पान पोरांकडे, बाजारभावाचे पान डाळिंब आणि कांदावाल्यांकडे, आणि उजनीच्या पाणीसाठ्याची चौकट जो प्रथम हाती धरील त्याच्याकडे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा. साठा उणे झाला म्हणजे फुगवट्यावरच्या पाणी उपसण्याच्या मोटारी किती पुढे सरकवाव्या लागणार याचा अंदाज आमचे शेतकरी त्या एका आकड्यावरून बांधीत. कारखान्याने उसाचा पहिला हप्ता जाहीर केला की तो आकडा मोठ्याने वाचला जाई, आणि ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्यास म्हणे, "पुन्यांदा वाच." वाचून झालेल्या अंकाचे मोल तेथे संपत नसे, मुलांच्या वह्यांना कव्हर, फडताळातले अस्तर, आणि वर्षाअखेर रद्दीवाला.

पण याच भरभराटीत कीड लागली, आणि हे सांगितल्यावाचून पुढे अंक घटल्याचा दोष फोनला देणे मला अन्यायाचे वाटते. वार्ताहराकडून जाहिरातीची अपेक्षा होऊ लागली. नेत्याचा वाढदिवस, सरपंचाची निवड, सोसायटीच्या चेअरमनची फेरनिवड, प्रत्येक प्रसंगाला शुभेच्छांची पाने. आणि ज्याच्या जाहिरातीवर माझे कमिशन अवलंबून, त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच आठवड्यात कशी लिहावी? मी स्वतः काही बातम्या सौम्य केल्या, काही पुढे ढकलल्या, आणि पुढे ढकललेली बातमी बहुधा येतच नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज' हा शब्द पी. साईनाथ यांच्या लेखनामुळे सर्वतोमुखी झाला आणि प्रेस कौन्सिलनेही त्याची चौकशी केली. खेड्यातल्या वाचकास मात्र तो शब्द ठाऊक होण्यापूर्वीच वस्तू ठाऊक झाली होती. पान उघडून तो विचारी, "तात्या, ही बातमी हाय का झायरात?" ज्या दिवशी हा प्रश्न प्रथम विचारला गेला त्या दिवसापासून आमची उतरण सुरू झाली असे मी मानतो.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मळ्यातल्या सालगड्याच्या हातीही इंटरनेट गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. गठ्ठा काही दिवस येईना, आला तर कागदावरून रोग येतो या भयाने लोक अंक उन्हात टाकून मग हाती घेत. एप्रिलमध्ये शासनाने घरोघरी वृत्तपत्रे वाटण्यास मनाई केली आणि लवकरच ती बऱ्याच भागात शिथिल केली. पण तेवढ्या अवधीत पहाटेची सवय मोडली. संपूर्ण अंक फोनवर फुकट फिरू लागला होता. टाळेबंदी उठल्यावर मी घरोघर गेलो तेव्हा अर्ध्याहून अधिक घरांनी प्रेमाने चहा दिला आणि अंक नको म्हणून सांगितले. हे आमच्याकडेच घडले असे नाही. व्हिएन्नात १७०३ साली निघालेल्या 'वीनर त्साइटुंग' या पत्राने ३० जून २०२३ रोजी आपला रोजचा छापील अंक थांबविला. आणि फोन नव्हता तेव्हाही वृत्तपत्रे मरतच होती : १८४९ साली निघालेला पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' शंभर वर्षे चालून थांबलाच की.

फोनचा लाभ मी नाकारीत नाही. दौंडहून उजनीत येणारा विसर्ग आता तासातासाला कळतो. आमच्या छापील चौकटीतला आकडा आदल्या दिवशीचा असे. रस्त्यावरच्या खड्ड्याचे छायाचित्र पोरे स्वतः काढतात आणि अधिकाऱ्यास थेट पाठवितात. माझ्या पाकिटाची त्यांना गरज नाही. माझी पुतणी स्पर्धापरीक्षेसाठी रोज तीन दैनिकांचे अग्रलेख फोनवर वाचते, आणि तिचे वाचन माझ्या तरुणपणच्या वाचनाहून विस्तृत आहे.

परंतु चार वर्षांमागे पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास गावातल्या फोनवरील सर्व गटांवर एक मजकूर आला : दौंडहून दीड लाख क्युसेक सोडले आहे, मध्यरात्रीपर्यंत पाणी वाढेल, मोटारी काढून घ्या. ट्रॅक्टरच्या दिव्यांत माणसे काठावर धावली. चिखलात पाय रोवून पोरांनी मोटारी, केबल, पाइप ओढून वर आणले. एकाच्या पायावर मोटार पडून त्याचे हाड मोडले. पहाटे पाणी होते तेथेच होते. मजकूर खोटा नव्हता. तो एका पूर्वीच्या वर्षाचा होता, फक्त त्यावरची तारीख कोणीतरी काढून टाकली होती. मी सकाळी विचारीत निघालो. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखविले, दुसऱ्याने मेहुण्याकडे, मेहुण्याने बारामतीच्या कोण्या गटाकडे, आणि त्या गटात तो आणणारा क्रमांक कोणाचा हे कोणासच सांगता येईना. प्रत्येक जण म्हणाला, "म्या नुस्ता फुडं पाठवला." त्यांच्यापैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणूनच मला ती गोष्ट अधिक भयंकर वाटली. त्या मोडलेल्या पायाच्या घरी हात जोडून उभे राहण्यास कोणी गेला नाही, कारण जावयास कोणी नव्हताच.

कागद राहावा असा माझा हट्ट नाही. धरणाखाली गेलेले गाव परत येत नाही हे आम्हा पळसदेवकरांस शिकवावे लागत नाही. पण गाव हलविले तेव्हा आम्ही ग्रामदैवताची स्थापना नव्या ठिकाणी केली, भावक्यांच्या वाटण्या नव्याने नोंदविल्या, सातबारा नवा केला. वाचन कागदावरून काचेवर हलविताना मजकुराचा धनी तेवढा आम्ही जुन्या गावात सोडून आलो.

गाडी अद्याप येते. सेवारस्त्यावर थांबते आणि मुलगा गठ्ठा टाकीत नाही, हाती देतो. सायकलच्या जागी आता जुनी मोपेड आहे. आज गठ्ठ्यात ५८ अंक असतात. त्यांतला एक वाचनालयात, एक सलूनमध्ये, बाकीचे बहुतेक साठीपुढच्या माणसांच्या घरी. वर्षाला दोन-तीन अंक कमी होतात ते ग्राहकाने बंद केले म्हणून नव्हे, ग्राहक गेला म्हणून.

गेल्या कार्तिकात ज्यांच्या अंगणात मी हात जोडून उभा राहिलो होतो ते वृद्ध गृहस्थ वारले. मधल्या सर्व वर्षांत त्यांनी अंक एक दिवसही बंद केला नव्हता. निधनाची बातमी लिहावयास मी त्यांच्या घरी गेलो. ज्या मुलाला मी एकदा मयत लिहिले होते तो आता पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर पागोटे बांधून बसला होता. त्यांच्या वडिलांचे नाव मला चाळीस वर्षे पाठ होते. तरीही मी त्याला ते विचारले, त्याने ते सांगितले, आणि नंतर त्याच्या चुलत्यास मी पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी पहाटे अंक त्यांच्या ओट्यावर मीच ठेवला. बातमी चार ओळींची होती. नाव, वडिलांचे नाव, वय आणि वस्ती बरोबर छापली होती.